ब्रासभर वाळू कशी मोजावी

गणिताच्या पुस्तकात इष्टिकाचितीचं घनफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, बस्स. खडकी बाजारातल्या गल्लीत त्यात ट्रकचा ड्रायव्हरही धरावा लागतो. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र इथं, १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना इथं. निवृत्त शेजारी मिलिमीटरशिवाय बोलत नाहीत. तरीही मागच्या अंगाला खोली वाढवणारा घरमालक (कँटोन्मेंट बोर्डाची परवानगी आहे असं आम्ही धरून चालतो) वाळूच्या ट्रकसमोर हमखास गडबडतो. हे मार्गदर्शन त्याच्यासाठी.

ट्रक येण्याआधी फुटांची टेप आणि गंभीर चेहरा तयार ठेवावा. ब्रास म्हणजे १०० घनफूट. हौदा १२ फूट लांब, ७ फूट रुंद, अडीच फूट उंच असेल तर गुणाकार २१०, म्हणजे २.१ ब्रास. माप आतून घ्यावं. बाहेरून घेतलं तर पत्राही वाळूच्या भावानं विकत घेतल्यासारखं होतं. मापं इंचात घेतली असतील तर गुणाकाराला १७२८ नं भागावं, पण हा भागाकार ड्रायव्हरसमोर करू नये.

लांबी-रुंदीवरून कधी भांडण होत नाही. सगळा खेळ उंचीचा. वाळू मधोमध फाळक्याच्या वर दिसते आणि कोपऱ्यांत गुपचूप खाली बसलेली असते. म्हणून धोतर असो वा पँट, खोचून वर चढावं. चारही कोपऱ्यांत आणि मधे सळई तळाला टेकेपर्यंत खुपसावी, पाच मापांची सरासरी काढावी. ती दोन फूट निघाली तर माल १६८ घनफूट, धड पावणेदोन ब्राससुद्धा नाही. यावर ‘काका, रस्त्यात दबली’ असं उत्तर येईल. मान डोलवावी, आकडा बदलू नये.

दमट वाळूचं प्रकरण निराळंच. कणांभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो, कण एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि वाळू फुगते. काचेच्या सरळ बरणीत २० सेंटिमीटर दमट वाळू घ्यावी, पाणी ओतून ढवळावी, बसू द्यावी. ती १६ वर आली तर फुगवटा २५ टक्के. म्हणजे पाच ब्रासचे पैसे मोजून वाळू चारच ब्रास. बरणी लोणच्याची घेऊ नये, घरातून विरोध होतो.

अस्सल घन बघायची हौस असेल तर काँक्रीटच्या चाचणीचा ठोकळा बघावा: बाजू १५ सेंटिमीटर, घनफळ ३३७५ घनसेंटिमीटर, वजन आठेक किलो. त्याला २८ दिवस पाण्यात मुरवून यंत्राखाली फोडतात. विटांचं त्यामानानं सोपं. ९ × ४ × ३ इंचांच्या १६ विटा म्हणजे बरोब्बर एक घनफूट; मसाला धरला की कमी लागतात.

हे सगळं हौदा उचलायच्या आत उरकावं. वाळू एकदा गल्लीत ओतली की तिचा शंकू होतो, शंकूचं सूत्र वेगळं, आणि ते आठवेपर्यंत समोरच्यांनी ‘उद्या देतो’ म्हणून दोन घमेली नेलेली असतात.