रस्सा वाढ की रं!

आमच्या भोर-वेल्ह्याकडं हॉटेल बरं की वाईट हे चवीवर ठरत नाही. दुसऱ्यांदा रस्सा मागितल्यावर वाढप्याचं तोंड कसं होतं, त्यावर ठरतं. मिसळीबरोबर सँपल मागायचंच असतं. जत्रेच्या पंगतीत तर बादली घेऊन फिरणारा पोऱ्या न विचारता वाटी भरतो, आणि नको म्हणणाऱ्याला शेजारचा हळूच विचारतो, "डॉक्टरनं बंद केलंय काय?" अशा मुलखात, चेलाडी फाट्याजवळ, जिथं पुणे-सातारा रस्ता सोडून गाड्या वेल्ह्याकडं वळतात, तिथं कुणीतरी रामेनचं हॉटेल काढलं. धाडस शिवकालीनच म्हणायचं.

हा शोध मेव्हण्याच्या मुलीचा. ती पुण्यात जपानी शिकते. एन-फाइव्ह नावाची परीक्षा पास झाली म्हणून तिला पार्टी हवी होती आणि ती रामेनचीच हवी होती. (एन-फाइव्ह ही सगळ्यात खालची पायरी असते, हे आम्हाला पार्टीचं बिल दिल्यावर कळलं.) तालुक्याचं नाव सरकारनं राजगड केलंय, पण मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या तोंडी अजून वेल्हंच. ते वेल्ह्याहून आमच्यासाठी इंद्रायणी तांदळाचं पोतं घेऊन भोरला निघालेच होते. तेव्हा वाटेत चेलाडीला गाठ घालायची ठरली. जीपमध्ये मामी पुढं, पोतं मागं.

मामांनी मेनूकार्ड उजवीकडून वाचलं. आधी दर, मग पदार्थ.

"साडेतीनशे? पाव्हणं, यवढ्यात अर्धा किलो मटान येतं."

"मामा, आज पोरीचं कौतुक आहे," मी म्हणालो.

मामी माळकरी. त्यांनी वेटरला एकच प्रश्न विचारला, "पळी येगळी हाय का?" तो आत जाऊन वेगळी पळी घेऊन आला आणि दाखवून परत ठेवून आला. मग त्यांच्यासाठी मिसोचं शाकाहारी रामेन, आम्हाला चिकनचं.

वाट पाहताना पोरीनं इतिहास घेतला. रामेन मूळचं चिन्यांचं. टोकियोच्या असाकुसा भागात १९१० साली राईराईकेन नावाचं दुकान निघालं आणि तिथून ते लोकांच्या जिभेवर बसलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात भाताची टंचाई होती आणि अमेरिकेचा गहू जहाजं भरभरून येत होता, त्यातून गल्लोगल्ली रामेनच्या गाड्या लागल्या. १९५८ मध्ये मोमोफुकू अँडो नावाच्या गृहस्थानं शेवया तळून वाळवल्या, आणि मॅगीसकट सगळं झटपट खानदान त्यातून उपजलं.

अमेरिकेचा गहू म्हटल्यावर मामा सावरून बसले. "आमच्याकडं बी आलता की माल अमेरिकेचा. बहात्तरच्या आगंमागं, रेशनला. मिलो."

मिलोची लाल भाकरी खाल्लेल्या पिढीला तिची आठवण काढताना पाणी प्यावं लागतं. मामा प्याले. त्याच अमेरिकेच्या धान्याचं जपान्यांनी रामेन केलं. आपण भाकरी केली आणि अमेरिकेला शिव्या दिल्या. दोन्ही राष्ट्रांनी आपापल्या स्वभावाप्रमाणं केलं, एवढंच मी म्हणेन.

मग वाडगे आले. तोंड धुवायला पुरेल असा एकेक वाडगा, वर मधोमध कापलेलं अंडं, आतला बलक ओला. मामांनी वेटरला हाक मारली. "बाळ, अंडं कच्चं ऱ्हायलंय. जरा उकडून आण." ते तसंच असतं, सोया सॉसमध्ये मुरवलेलं असतं, हे पोरगी सांगेपर्यंत वेटर अंडी घेऊन गेलाही होता. ती परत आली तेव्हा चांगली टणक झाली होती. कडेला उभा केलेला काळा कागद समुद्रातल्या शेवाळाचा आहे म्हटल्यावर मामांनी तो दोन बोटांत धरून मेव्हण्याच्या वाडग्यात सोडला. आमच्याकडं टाकीला शेवाळ धरलं की ब्लीचिंग पावडर टाकतात. काड्यांचं सांगत नाही. सगळ्यांनी मिळून चमचे मागवले.

खायला लागल्यावर पोरीनं जाहीर केलं, की जपानात शेवया मोठ्यानं ओढून खाव्यात. गरम घास निवतो, वास नाकापर्यंत पोचतो आणि कुणी असभ्य म्हणत नाही. आमटीचा भुरका मारायची माझी सवय मोडण्यात आमच्या हिची उमेद खर्ची पडलेली आहे. मी हिच्याकडं पाहिलं. हिनं रस्त्याकडं पाहिलं. मग मी जो भुरका मारला, तो ऐकून मामांनी पहिल्यांदाच जावई म्हणून माझ्याकडं कौतुकानं पाहिलं असावं.

खरी जाणकार निघाल्या मामी. त्यांनी एक शेवई उचलली, दातानं तोडली, डोळे मिटले.

"ह्यात पापडखार हाय."

पोरगी मोबाईलमध्ये शिरली. रामेनच्या पिठात कान्सुई नावाचं खारं पाणी घालतात, सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं. त्यानं मैद्याला पिवळसर रंग येतो, शेवई ताण धरते आणि गरम रश्शात गळत नाही. म्हणजे पापडखाराचं सख्खं भावंड. मामींना कशाचंच नवल वाटलं नाही. "थोडा जास्त झालाय," एवढंच त्या म्हणाल्या. आणि रश्शाला जी गोडसर ओढ होती, ती आपल्या चायनीजच्या गाड्यांवर आधीच पोचलेली आहे: १९०८ साली इकेदा नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञानं समुद्री वनस्पतीतून ती चव वेगळी काढली, आणि पुढच्याच वर्षी तिची पांढरी पावडर अजिनोमोटो या नावानं बाजारात आली. एस.टी. स्टँडबाहेरच्या मंच्युरियनमधून आम्ही जपान कधीपासून खातोय.

इथवर सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. मग मामांनी रिकामा वाडगा पुढं केला.

"रस्सा वाढ की रं!"

वेटर अवघडला. म्हणाला, शेवया परत मिळतील, रस्सा नाही. पोरीनं दुजोरा दिला. हाकाता भागात 'काएदामा' म्हणून पद्धतच आहे, शेवया संपल्या की दुसरी जुडी मागायची. पण रस्सा जपून ठेवायचा, कारण तो एकदाच. इथं हाडं बारा तास उकळतात.

मामांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी फक्त सातबारा चुकीचा निघाल्यावर पाहिलं होतं. "हाडं बारा तास उकळली तर रस्सा वाढाया पायजे का कमी व्हाया पायजे? आरं, जत्रंला रातभर पातेलं चुलीवर असतंय. सकाळी आख्खं गाव जेवतं."

आवाज आतपर्यंत गेला. स्वयंपाकी बाहेर आला. कपाळाला जपानी पट्टी, अंगावर काळा सदरा. मामांनी त्याला वरखाली न्याहाळलं आणि तो जपानी नाही याची खात्री होताच विचारलं, "गाव कंचं?"

तोरण्याच्या पलीकडचा निघाला. मग आडनाव, मग आजोळ, मग आजोळच्या भावकीत कोण कुणाला दिलं. पाचव्या फेरीला मामा त्याचे चुलत आजोबा लागले. पोरगा आत गेला आणि तांब्याभर रस्सा घेऊन आला.

आता भाकरी हवी होती. भाकरी नव्हती, पण भात होता. मामांनी तो रश्शात कालवला. पोरगी म्हणाली, "आजोबा, जपानमध्येपण शेवटी असाच भात घालून खातात!" मामांनी मान हलवली, जपान मार्गावर येतंय अशी. दोन घास खाल्ले आणि थांबले.

"तांदूळ कंचा घालतोस रं?"

पोरानं कुठल्यातरी बाहेरच्या चिकट तांदळाचं नाव सांगितलं. दरही सांगितला. मामा उठले, हात धुतले, त्याला खांद्याला धरून जीपकडं घेऊन गेले. खिडकीतून आम्हाला पोत्याची शिवण उसवताना दिसली, मूठ भरून तांदूळ नाकाशी नेताना दिसला, मग दोघांत बोटांवर हिशेब चाललेला दिसला. बिल मी दिलं. बाहेर आलो तेव्हा जीपच्या मागची जागा मोकळी होती.

"तुमाला पुढच्या हंगामात देतो की," मामा म्हणाले. "घरचीच मानसं तुमी."

आमची ही अजून वडिलांशी बोलत नाही.