तीन तिकिटं, सात डोकी

ठाणे ते कुडाळ, मांडवी एक्सप्रेस, स्लीपर, प्रवासी तीन. रेल्वेच्या दप्तरी आमची नोंद एवढीच: मी, नवरा आणि सासूबाई. प्रत्यक्षात फलाटावर सात माणसं उभी होती, आठ पिशव्या होत्या आणि एक बाबागाडी होती. ही दुमडली की छत्रीएवढी होते अशी दुकानदाराने शपथ घेतली होती. आजवर ती दुमडलेली नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही आणि वेगळी जागाही मिळत नाही. हा नियम ज्याने केला त्याच्या डोळ्यांपुढे आईच्या मांडीवरचं एखादं गुटगुटीत बाळ असणार. चार असतील हे त्याच्या ध्यानीमनी नसणार. आमच्याही नव्हतं.

थोरली दोन वर्षांची झाली तेव्हा सगळे म्हणाले, एकाला दुसरं हवं. आम्ही दुसऱ्याच्या तयारीला लागलो. सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "हे एक." मग जरा थांबून, "हे दुसरं." मग बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. नवरा काकुळतीला येऊन म्हणाला, "मॅडम, आता बास करा ना." त्या म्हणाल्या, "आणि हे तिसरं." १८९५ साली हेलिन नावाच्या शास्त्रज्ञाने याचा एक ढोबळ हिशेब मांडून ठेवला आहे. ८९ बाळंतपणांत एकदा जुळं आणि ८९ गुणिले ८९, म्हणजे ७,९२१ बाळंतपणांत एकदा तिळं. हल्ली उपचारांमुळे हे गणित बदललंय म्हणतात, पण आमचं सगळं आपसूक होतं. मला आयुष्यात कधी भिशीसुद्धा पहिल्या महिन्यात लागलेली नाही.

दवाखान्यात तिघांच्या मनगटांवर बेबी १, बेबी २, बेबी ३ अशा पट्ट्या होत्या. सासूबाईंनी तीस वर्षं पेटीच्या शिकवण्या घेतल्या. नातवंडांना आकड्यांनी हाक मारणं त्यांना पटेना. त्यांनी काचेतूनच बारसं उरकलं: सा, रे आणि ग. सा आणि रे हे मुलगे, इतके सारखे की रेच्या पायाच्या अंगठ्याला आम्ही नेलपॉलिश लावतो. ग ही मुलगी. थोरलीने विचारलं, "आणि मी?" सासूबाई म्हणाल्या, "तू आता ताई." त्या दिवसापासून नवरा, मी, दूधवाला, वॉचमन सगळे तिला ताईच म्हणतो. शाळेत बाईंनी हजेरीला खरं नाव पुकारलं तर ती चटकन 'ओ' देत नाही.

निघायचं कारण म्हणजे पणजी. माझ्या आजेसासूबाई कुडाळजवळच्या गावात असतात, वय एक्क्याण्णव. पणतवंडं बघितल्यावर त्यांच्यावर सोन्याची फुलं उधळायची होती. ताईच्या वेळचं राहून गेलं होतं आणि यांच्या वेळी घराबाहेर पडायलाच सव्वादोन वर्षं लागली. फुलं एकदाच उधळायची की प्रत्येकाची वेगळी, यावर मतभेद होते. भटजी म्हणाले एकदा. सोनार म्हणाला चारदा.

ठाण्याला गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते. इमारतीच्या कामावर घमेली जशी हातोहात वर जातात, तशी आम्ही मुलं चढवली. नवरा दारात, सासूबाई मधे, मी खाली. सा गेला, रे गेला, ग गेली, पिशव्या गेल्या. शिट्टी वाजल्यावर मी बाबागाडीसकट दांडीला लोंबकळले तेव्हा आतून दोन अनोळखी हातांनी आम्हाला ओढून घेतलं. आत पोचल्यावर पहिलं काम मोजणी. सा, रे, ग. तिघं आहेत. हुश्श.

"आई, मी पण आहे," पायाशी ताई म्हणाली. ती आपली आपण चढली होती.

पनवेल येईपर्यंत डब्याने आमची चौकशी उरकली. तीन मुलं मांडीवर बघून पहिला प्रश्न नेहमीसारखाच, "जुळी का?" मग, "तिन्ही तुमचीच?" मग खालच्या पट्टीत, "नॉर्मल की सिझर?" आणि शेवटी दोन्हीकडच्या घराण्यांचा तपास. समोरच्या काकूंनी तर माझ्या हातात लाडू ठेवून आधी मलाच खायला लावला. त्यांना मी जन्मभर विसरणार नाही. त्यांचे यजमान म्हणजे काका, तुळतुळीत टकलाचे. ते गाडी सुटल्याबरोबर आमच्याच बाकाच्या कडेला मान टाकून झोपी गेले.

टीसी आले. त्यांनी यादी बघितली, आम्हाला बघितलं, पुन्हा यादी बघितली.

"एकूण किती?"

"सात."

"तिकिटं तीन?"

"हो. मुलं पाचाच्या आतली आहेत."

"यांचं वय?"

"सव्वादोन."

"तिघांचं?"

"प्रत्येकी," नवरा म्हणाला.

टीसींनी चष्मा कपाळावर सरकवला. "आणि ही?"

"चार वर्षं दहा महिने," ताईने स्वतःच सांगितलं. "माझं तिकीट कुठंय?"

"तुला कशाला तिकीट? तू फुकट." माणूस प्रेमानेच बोलला. पण 'फुकट' हा शब्द आमच्या घरात फक्त शॅम्पूच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या कंगव्यासाठी वापरतात. ताईचा चेहरा पडला. टीसींनी सावरून घेतलं, "पाच पूर्ण झाली की अर्धं तिकीट. स्वतःचा बर्थ पाहिजे असेल तर पूर्ण."

"मला पूर्ण पाहिजे," ताई म्हणाली. तेवढ्यात रेने टीसींच्या खिशातलं पेन काढून तोंडात घातलं आणि विषय तिथेच राहिला.

झोपेची वेळ झाली. सासूबाईंनी पिशवीतून जुनं सुती पातळ काढलं. मधला बर्थ वर करून साखळीत अडकवला, पातळाचं एक टोक इकडच्या साखळीला आणि दुसरं पलीकडच्या साखळीला गाठलं. अशी झोळी झाली. आधी गाठीला स्वतः लोंबकळून बघायचं आणि मगच पोर आत टाकायचं, हा त्यांचा शिरस्ता. काल संध्याकाळीच उन्हाळ्यासाठी दोघा मुलग्यांचे चमनगोटे करून आणले होते. झोळीतून नुसती एक चकचकीत टाळू वर दिसायची आणि गाडीबरोबर हलायची. तिघांना आळीपाळीने पाच-पाच मिनिटं. सा झोपायचा, त्याला काढून ठेवलं की उठायचा. मग रे. हा खेळ खेडपासून चिपळूणपर्यंत चालला. नवऱ्याने तेवढ्यात भातात मेतकूट-तूप कालवलं. घरून तीन चमचे आणि तीन वाट्या आणल्या होत्या, पण माणगावच्या आतच एका वाटीवर आणि एका चमच्यावर आलो होतो. पहिलटकरणीच्या पुस्तकातलं स्वच्छतेचं प्रकरण माझं पाठ आहे. ते ताईसाठी वापरून संपलं.

कोकण रेल्वेवर बोगदे नव्वदच्या वर आहेत. प्रत्येक बोगद्यात सा रडायचा, रे हसायचा आणि ग जाहीर करायची, "लाईत गेली!" बोगदा संपला की, "आली!" महावितरणात असा तत्पर माणूस हवा. उक्षी गेलं आणि करबुड्याचा बोगदा लागला. हा साडेसहा किलोमीटरचा. डब्यातले दिवे कुणी लावलेले नव्हते. अंधार असा की स्वतःचा हात दिसेना, आवाज असा की पोराचं रडणंही ऐकू येईना. मी चाचपडत मोजायला लागले. झोळीत एक टक्कल, सा. मांडीवर एक टक्कल, नेलपॉलिश दिसत नव्हतं तरी रे. कुशीत केसांचं जावळ, ग. आणि बाजूला बाकावर चौथं डोकं. चार झाली. जिवाला बरं वाटलं. बिचारी ताई कधीची एकटी बसलीय, तिला जरा जवळ घ्यावं म्हणून मी ते चौथं डोकं छान थोपटलं. "गाई कर हं राणी," असंही म्हणाले. केस हाताला लागत नाहीत हे लक्षात यायला मला निम्मा बोगदा लागला.

उजेड पडला. माझा हात काकांच्या टकलावर होता. काकू टक लावून बघत होत्या. काका डोळे न उघडता म्हणाले, "पस्तीस वर्षांनी कुणीतरी थोपटलं."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मी मेल्याहून मेले, पण मरायला सवड कुठे होती? ताई कुठंय?

ताई दोन खण पलीकडे टीसींच्या मागोमाग तिकिटं तपासत होती. तेच तिला हाताला धरून परत घेऊन आले. "हिने एक विदाऊट पकडून दिला मला," ते कौतुकाने म्हणाले. ताई मात्र खूश नव्हती. त्या विदाऊटने जाता जाता तिला विचारलं होतं, "तुझं तिकीट दाखव बघू." ती खिडकीशी जाऊन बसली आणि बाहेर बघत राहिली. मी लाडू दिला तर तिने तो सा, रे, गमध्ये सारखा वाटून टाकला. हे लक्षण चांगलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रत्नागिरीनंतर पानवल नदीचा पूल येतो. ६४ मीटर उंच, कुतुबमिनारापेक्षा थोडासाच बुटका. सगळा डबा दाराखिडक्यांशी धावला. मी या मार्गाने तीनदा गेले आहे आणि एकदाही मला तो पूल दिसलेला नाही. पहिल्या वेळी झोप लागली होती, दुसऱ्या वेळी ताईला उलटी होत होती. या वेळी ६४ मीटर उंचीवर, झुलत्या गाडीत, मी रेचा डायपर बदलत होते. "काय दृश्य आहे!" नवरा दारातून ओरडला. माझ्यापुढेही दृश्य होतं.

कुडाळला उतरताना पुन्हा घमेली. स्टेशनाबाहेर ठरवलेली व्हॅन उभी होती. ड्रायव्हरने आमची वरात बघून कपाळाला हात लावला. "काय सांगतास! तीनय तुमचीच?" मग म्हणाला, "पोरांक आधी आत बसवया वयनी, एसी चालू आसा." मला ते पटलं. तिघांना मागच्या सीटवर ठेवलं, दार ओढून घेतलं आणि आम्ही चौघं मोठी माणसं बाबागाडी डिकीत कशी बसवायची यावर चर्चा करायला मागे गेलो. चर्चा लांबली. डिकी लावली आणि खट् असा आवाज झाला.

चारही दारं बंद. चावी आत, एसी आत, सा-रे-ग आत.

"दुसरी चावी आसा," ड्रायव्हर म्हणाला.

"कुठे?"

"घराक. कणकवलीक."

आम्ही चौघं चार काचांना चिकटलो. आत गारेगार होतं. सा टाळ्या वाजवत होता. रे काच चाटत होता. मी खुणा करत होते, नवरा गला बटण दाखवत होता आणि ग त्याला टाटा करत होती. रिक्षावाले जमले, खाजेवाली आपली टोपली घेऊन आली, आणि सासूबाईंचा धीर सुटला. काचेवर थापा मारत त्या खणखणीत आवाजात ओरडल्या, "तिळा, तिळा, दार उघड!"

ड्रायव्हरच्या सीटवरून, स्टिअरिंगच्या वर जेमतेम दिसणारं एक डोकं वळलं. काच दोन बोटं खाली आली.

"मी तिळा नाहीये," ताई म्हणाली.

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं की ती बाहेर नाही. आम्ही तिघांना मोजलं, तिघं काचेतून दिसत होती, मोजणी पुरी झाली होती.

"ताई, दार उघड बाळा."

"तिकीट?"

नवऱ्याने मोबाईल काढून काचेला लावला. "हे बघ, तीन तिकिटं. बाबा, आई, आजी."

"मोबाईल चालत नाही." टीसींना चालला होता, पण ही टीसी कडक होती. "आणि माझं?"

काच दोन बोटं वर गेली.

मी खाजेवालीकडून पाव किलो खाजं घेतलं आणि ते बांधलेल्या कागदाचा कोरा तुकडा फाडला. ड्रायव्हरने कानामागचं पेन दिलं. गाडीच्या टपावर कागद ठेवून, आजवर एकाही अर्जावर लिहिलं नसेल इतक्या सुवाच्य अक्षरात मी लिहिलं: 'कुडाळ ते पणजी. प्रवासी १. पूर्ण.' नावाच्या जागी क्षणभर हात थांबला. मग तिचं खरं नाव लिहिलं, शाळेतलं. काचेच्या फटीतून कागद आत सरकवला.

ताईला अजून वाचता येत नाही, पण एकचा आकडा येतो आणि स्वतःचं नाव ओळखता येतं. दोन्हींवर बोट ठेवून तिने खात्री केली.

"पूर्ण आहे ना?"

"पूर्ण."

तिने कागदाचा कोपरा दाताने कुरतडून पंच केला, घडी घालून फ्रॉकच्या खिशात ठेवला आणि कुलूप उघडलं. मग ती सीटवरून मागे वळून, बोट नाचवत, मोठ्याने मोजायला लागली. सा, रे, ग, आजी, बाबा, आई. शेवटी तेच बोट तिने स्वतःच्या छातीवर ठेवलं.

मी घाम पुसत आत बसले. ड्रायव्हर मात्र दाराशीच उभा. मी टपावर लिहीत असताना त्याने माझ्या खांद्यावरून सगळं वाचलं होतं.

"वयनी," तो गंभीरपणे म्हणाला, "भाडां गावापर्यंतचां ठरलां हा. पणजी म्हणजे गोव्याचां वेगळां पडतला."