कागदी प्रणाली

व्यवसाय माहिती प्रणाली हा विषय पहिल्याच वर्षी वही-पेनाने शिकवण्याची आपल्या महाविद्यालयांची दूरदृष्टी वाखाणण्याजोगी आहे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये डेटाबेसचे रिलेशनल मॉडेल मांडले, त्यामागचा एक हेतू म्हणजे तीच माहिती पुन्हापुन्हा साठवावी लागू नये. हे तत्त्व आपण साठ जर्नलांत साठ वेळा उतरवून घेतो, समास आखून. डेटा आणि माहिती यांतले फरक पाच, गुणही पाच. संगणकाला हात न लावता संगणक कसा येणार, असा आक्षेप कुणी घेईल. पण वीज गेली की एक्सेल बंद पडते. पेन्सिलीने काढलेला व्यवस्थापनाच्या स्तरांचा त्रिकोण उभाच राहतो, आणि हॅकरच्या हाती लागत नाही. बँकांनीही आता खतावण्यांकडे परतावे, मनुष्यबळ तयार आहे. निकाल तेवढा लागायचाय. सर्व्हर डाउन आहे.