रायझर किती?

आर्किटेक्चर शिकणारं एखादं तरी मूल तुमच्या नात्यात असणारच, त्यामुळे वर्णनात वेळ घालवत नाही. खांद्यावर शीटांची नळकांडी, नखांत फेव्हिकॉल, तांबारलेले डोळे, कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेला ढगळ खादीचा कुडता आणि 'उद्या सबमिशन आहे' हे पालुपद. ओळखलंत ना? आमच्या वाट्याला भाची आली. कॉलेज पुण्यात, म्हणून पाचही वर्षं मुक्काम मामाकडे.

ही मंडळी दिसेल ते मोजतात म्हणे. आमच्या बाईसाहेबांचा जीव मात्र जिन्यात अडकलेला. जिना दिसला की ती खाली बसते, खिशातून टेप काढते, पट्टी सर्रकन ओढते आणि पायरीची उंची घेते. उंचीला रायझर म्हणायचं आणि पाय ठेवायच्या जागेला ट्रेड, हे आता आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींनाही पाठ आहे. मापं सगळी मिलिमीटरमध्ये. इंच, फूट, वीत या गोष्टी तिच्या लेखी पेशवाईबरोबर संपल्या.

एका लग्नात आम्ही शुभेच्छा द्यायला स्टेजकडे निघालो. मागे ही मोठी रांग, पुढे ही भरजरी साडीत पायरीशी उकिडवी. "दोनशे दहा!" ती ओरडली. मुलीकडच्या एका गृहस्थांना ती आहेराची रक्कम वाटली. ते मागून म्हणाले, "नाव काय लिहू?"

पर्वतीला घेऊन गेलो, तो वेडेपणाच. 103 पायऱ्या, आणि नानासाहेब पेशव्यांच्या कारागिरांनी काही हिच्यासाठी एकसारख्या केलेल्या नाहीत. आमची ही वर जाऊन, दर्शन घेऊन, वारा खाऊन, प्रसाद वाटत खाली आली, तरी भाची निम्म्यावर पोचली नव्हती. येणारे-जाणारे तिला नवस फेडणारी समजून वाट देत होते. एका आजींनी तर तिच्याच पाया पडून घेतलं.

यांच्या कॉलेजात व्याख्यानं फार. एकदा पालकांनाही बोलावलं होतं, म्हणून गेलो. काळ्या कुडत्यातले एक नामवंत आर्किटेक्ट अंधारात स्लाइड दाखवत होते. प्रकाश, शांतता, पोकळी, पुन्हा प्रकाश. अर्धा वर्ग रात्र मारून आलेला, त्यामुळे शांतता खरोखरच उत्तम होती. शेवटी 'काही प्रश्न?' झालं आणि हिचा हात वर गेला. "सर, मघाच्या स्लाइडमधल्या जिन्याचा रायझर किती?" नामवंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ते पोकळीबद्दल बोलू लागले.

वर्कशॉप म्हणजे वेगळाच प्रकार. चुन्याचं झालं तेव्हा आमच्या घरातली गुळाची ढेप गेली आणि हिरडे आणायला मला मंडईत पिटाळलं. जुन्या चुन्यात गूळ-हिरडा घालत, हे मलाही माहीत होतं. तो डबा घरात आठवडाभर भिजत ठेवतात, हे नव्हतं. मग विटांचं वर्कशॉप. लॉरी बेकर केरळात वापरत ती रॅट-ट्रॅप पद्धत : विटा उभ्या लावायच्या, भिंतीत पोकळी सोडायची, जवळपास पाव हिस्सा विटा वाचतात. मुलांनी तीन दिवस खपून भिंत उभी केली, चार पायऱ्यांचा जिना बांधला, फोटो काढले आणि संध्याकाळी सगळं पाडलं. कारण दुसऱ्या तुकडीला त्याच विटा हव्या होत्या.

तिथे शिकवायला एक म्हातारे गवंडी होते. हिने त्यांना आपलं सूत्र ऐकवलं. सतराव्या शतकात ब्लाँदेल नावाच्या फ्रेंच गृहस्थाने बसवलेलं : दोन रायझर आणि एक ट्रेड यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी, साधारण सहाशे ते साडेसहाशे मिलिमीटर, आली पाहिजे. गवंडीबाबांनी थापी खाली ठेवली. "ताई, आमी विचारतो घरात म्हातारं कोन हाय. म्हातारं आसलं तर साची पायरी काढायची, नसलं तर सातची. पायरी बुटकी केली की पाय ठेवायला जास्ती रुंद द्यायची." त्या रात्री ती जेवली नाही. वहीत गणितं करत बसली होती. बाबांचे इंच मिलिमीटरमध्ये घालून पाहिले आणि ते ब्लाँदेलच्या सूत्रात चपखल बसले. पाच वर्षांत एवढी गप्प मी तिला तेव्हाच पाहिली.

स्टडी टूर अहमदाबादला गेली. परतल्यावर तिच्या आजीने विचारलं, "गांधीजींचा आश्रम पाहिलास का गं?" म्हणाली, "हो, कोरियांचा ना?" तिथलं संग्रहालय चार्ल्स कोरियांनी 1963 मध्ये उभं केलं, हे खरं; पण माझ्या आईला आश्रमाचा मालक बदलल्याचा धक्का बसला. आयआयएममध्ये लुई कान यांनी विटेत कापलेली ती प्रचंड वर्तुळं पाहून बाकीची मुलं हरखली. हिने जिना मोजला. ल कॉर्बुझिएच्या मिल ओनर्स इमारतीत आत जायला लांबलचक रॅम्प आहे म्हणून ही दिवसभर फुगून बसली. सूड घेतला अडालजच्या विहिरीवर. पंधराव्या शतकाच्या शेवटाची, पाच मजले खोल, नुसत्या पायऱ्याच पायऱ्या. बस भोंगा वाजवत उभी आणि ही तळाशी. शोधायला गेलेला मुलगाही परत येईना. बघतात तर टेपचं दुसरं टोक धरून तो खाली बसलेला.

सगळ्या सहलीच्या फोटोंत माणूस नाही, थाळी नाही. पायऱ्यांच्या कडा. बाळकृष्ण दोशींचं 'संगथ' तरी पाहिलंस का, मी विचारलं. ते जन्माने पुणेकर हे त्यांना प्रिट्झकर मिळाल्यावर, म्हणजे 2018 मध्ये, आम्हा पुणेकरांना कळलं आणि तेव्हापासून आम्हीच त्यांना घडवलं आहे. "पाहिलं ना," ती म्हणाली. "छपरालाच पायऱ्या आहेत, मामा!" डोळ्यांत पाणी.

आता नाइलाजाने एक गोष्ट सांगतो. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्याच्या तोंडाशी शेवटच्या पायरीवर सगळे ठेचकाळायचे. कोणी चपलेला दोष द्यायचं, कोणी वयाला, कोणी वरच्या बिऱ्हाडाच्या पाण्याच्या बादल्यांना. हिने मोजलं. ती एकच पायरी इतरांहून बावीस मिलिमीटर उंच निघाली. पायाला सवय एका उंचीची होते, शेवटी फसगत. तीस वर्षं आम्ही स्वतःला वेंधळे समजत होतो. हिने सोसायटीला पत्र दिलं. चिटणीस म्हणाले, "रीडेव्हलपमेंट होणारच आहे." मग एका रात्री तिने त्या कडेला पिवळा पट्टा रंगवला. चिटणिसांनी विद्रूपीकरणाची नोटीस लावली. माझी आई मात्र त्या पट्ट्यावरून, ब्याऐंशीव्या वर्षी, कठड्याला हात न लावता चढायला लागली.

भाची यंदा पास होऊन बंगळुरूला गेली. फोनवर सांगते की दिवसभर टॉयलेटच्या टाइल्स मोजते आणि एफएसआयचा हिशेब करते.

परवा बिल्डरची माणसं नव्या इमारतीचा नकाशा घेऊन आली. सभासदांनी कार्पेट एरिया विचारला, पार्किंग विचारलं, भाडं किती देणार ते दोनदा विचारलं. बिल्डरच्या मागे लॅपटॉप धरून त्यांच्या ऑफिसातला पोरगेलासा आर्किटेक्ट उभा होता, तांबारलेल्या डोळ्यांचा. माझ्या तोंडून निघून गेलं, "जिन्याचा रायझर किती?"

पोरगा एकदम ताठ झाला. "एकशे नव्वद, सर. नियमात बसतो. पण मी एकशे साठ काढला होता, ट्रेडही तीनशे दिला होता, तीन पायऱ्या वाढत होत्या फक्त..."

बिल्डरने नुसतं वळून पाहिलं.

"लिफ्ट आहे हो दोन-दोन," चिटणीस मला म्हणाले. "तुमचं आपलं काहीतरीच."