डिस्क वाढवून मिळेल

वागळे इस्टेटमधल्या सर्व्हरचं अपडेट मध्यरात्री कोसळतं आणि सकाळी निदान तयार असतं: 'डिस्क वाढवा.' आत कोणी डोकावत नाही. अपडेटचं पॅकेज टेम्प फोल्डरमध्ये उतरतं, तिथंच उलगडतं, अर्ध्यात आपटतं आणि पसारा तसाच टाकून पुन्हा पहिल्यापासून उतरू लागतं. जागा संपली की दोष अर्थातच जागेचा! कल्याणच्या आधारवाडी डम्पिंग ग्राउंडवरही वर्षानुवर्षं कचरा असाच चढत गेला. २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं महापालिका हद्दीतली नवी बांधकामं रोखली, तेव्हा कुठे साहेबांची धावपळ सुरू झाली.

डोंबिवली फास्ट लोकलला लोंबकळत आलेला एखादा हुशार गडी थेट टेम्पमधल्या फायलीच उडवतो. मग गंमत! फायली मोजणारी डीयू कमांड म्हणते, जागा मोकळी; डिस्क मोजणारी डीएफ म्हणते, भरलेलीच. कारण लटकलेली प्रोसेस पुसलेली फाइल उघडी धरून बसलेली असते. उघड्या फायली दाखवणाऱ्या एलएसओएफ कमांडनं ती प्रोसेस हुडकून बंद केली की जागा सुटते. पण एवढं कोण करतो? रीस्टार्ट मारायचा आणि अहवालात लिहायचं, 'तांत्रिक कारण'. नव्या डिस्कचं बिल मात्र मंजूर झालंय. लॉग वाचायचा तेवढा राहिलाय.