पोचलोच!

तात्या खोटं बोलत नाहीत, असं इनामगावात फक्त तात्याच म्हणतात. असा एक तात्या घोड नदीकाठच्या प्रत्येक गावात असतो.

फोन आला की तात्या कायम वाटेतल्या न्हावऱ्याच्या पुढे असतात. "पोचलोच, दहा मिनिटं!" मागे कुकरची शिट्टी होते. "ती होय? एसटीचा हॉर्न बिघडलाय." उत्तर एका दमात. पलीकडचाही काही म्हणत नाही. तात्यांची दहा मिनिटं म्हणजे आधी जेवून घ्यावं, हे त्याला पाठ असतं.

यात तात्यांचा फायदा शून्य. त्यांना कुणाला 'नाही' म्हणवत नाही, एवढंच. 'नाही'पेक्षा 'उद्या नक्की' तोंडाला सोपं पडतं, आणि ऐकणाऱ्यालाही उद्यापर्यंत बरं वाटतं.

बाकी थापेत तपशील हवा, हे शास्त्र त्यांनी पक्कं जाणलंय. नुसता बिबट्या दिसला म्हणू नये. उजवा कान फाटलेला बिबट्या, उसातून निघाला आणि ठिबकची नळी तुडवू नये म्हणून पाय उचलून गेला! लोक खो खो हसतात. रात्री पाणी द्यायला मात्र दोघं मिळून जातात.

तात्यांची खरी पंचाईत होते ती पुण्याचे पाहुणे आले की. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ इथं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांची नावं तात्या घरच्यासारखी घेतात. मग सांगतात, तीन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं मेलेलं मूल दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात पुरायची, तेही घराच्या जमिनीखाली. मोठ्यांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडायची. एक गडी मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला सापडला, पाय शाबूत!

"काय फेकताय तात्या!" पाहुणे हसतात.

यातला शब्दन् शब्द खरा. पण आयुष्यभराची पत आडवी येते. तात्यांचा चेहरा पडतो. पाय तोडायचे ते भूत परत येऊ नये म्हणून असावं, हा अभ्यासकांचा तर्कही ते पुढे करतात. हशा वाढतो.

शेवटी तात्या घसा खाकरतात. "तो रांजणातला गडी आमच्या भावकीतला. आजा सांगायचा."

"असेल, असेल," म्हणत पाहुणे त्यांच्यासोबत फोटो काढतात.