मुदतीचा हुकूम

महसूल खात्याच्या कचेरीत ज्याने उमेदीची सारी वर्षे 'पुढील तारखेस सादर करावे' हा शेरा मारण्यात खर्ची घातली, त्याने निवृत्तीनंतर भागवत वाचावे, नातवंडे सांभाळावीत, फार तर सकाळी टेकडी चढून यावी, अशी आप्तेष्टांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. परंतु मी जावास्क्रिप्ट शिकू लागलो, आणि त्या भाषेत सेटटाइमआउट नावाची एक चीज आहे असे कळताच, ही आमच्याच खात्यातून तिकडे बदली होऊन गेलेली असावी, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नाही.

तिचे काम थोडक्यात असे. एखादी आज्ञा ताबडतोब न बजावता काही काळाने बजावायची असेल, तर ती आज्ञा आणि तो काळ, सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजून, तिच्या स्वाधीन करावयाचा. १००० लिहिले की एक सेकंद. आज्ञा रुजू झाली की ब्राउझर एक क्रमांक देतो, आणि मन बदललेच तर तो क्रमांक क्लिअरटाइमआउटपुढे ठेवताच हुकूम रद्द होतो. क्रमांक खोटा असला, अथवा हुकूम केव्हाच बजावला गेलेला असला, तरी क्लिअरटाइमआउट चकार शब्द काढत नाही. अर्ज निकालात निघाल्यावर तो मागे घेण्यासाठी आलेल्या पक्षकाराला इतक्या सभ्यपणे वागवणारा कारकून मी पाहिलेला नाही.

ही भाषा नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये, पहिल्या स्वरूपात, अवघ्या दहा दिवसांत उभी केली. (दहा दिवसांत आमच्याकडे मोडक्या खुर्चीचा पंचनामाही होत नसे.) पुढे १९९७ साली तिची प्रमाणित संहिता प्रसिद्ध झाली; पण तीत सेटटाइमआउटचे नाव नाही आणि आजतागायत ते आलेले नाही, कारण ही चीज भाषेच्या मालकीची नसून ब्राउझरच्या आस्थापनेवर आहे. भाषेने हुकूम लिहावा, आणि तो केव्हा टेबलावर यावा हे ब्राउझरने पाहावे, अशी ही कामाची वाटणी आहे.

आता मूळ मुद्दा. १००० हा आकडा पाहून नवशिका समजतो की बरोबर एका सेकंदाने काम होणार. आणि ते तसे न झाल्यास तो त्या आकड्याला, ब्राउझरला आणि शेवटी स्वतःच्या नशिबाला बोल लावतो. वास्तविक त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की एक सेकंद होण्यापूर्वी या प्रकरणाला कोणी हात लावणार नाही. आमच्या समन्सावर 'सकाळी ११ वाजता हजर राहावे' असे लिहिलेले असे, त्याचाही अर्थ तंतोतंत हाच होता, आणि ११ वाजता आलेला पक्षकार साडेचार वाजता आत गेला तर कचेरीने शब्द मोडला असे म्हणण्याची कोणाची छाती नव्हती.

याचे कारण असे, की पानाचा सारा कारभार एकाच कारकुनाकडे असतो, आणि तो कारकून हातातले प्रकरण संपवल्याशिवाय दुसऱ्याकडे मान वर करून पाहत नाही. कळ दाबली गेली, अक्षर टंकले गेले, दूरच्या सर्व्हरकडून उत्तर आले, एखाद्या हुकुमाची मुदत भरली, असे जे जे घडेल त्याची नोंद रांगेत लागते. कारकून एकेक नोंद उचलतो, तडीस नेतो, मग पुढची. हातातल्या कामाला तीन सेकंद लागणार असतील, तर एका सेकंदाच्या मुदतीचा हुकूम दाराशी तिष्ठत बसतो, आणि त्या अवधीत पान रंगवण्याचे कामही सहसा खोळंबते. एकाच पानावर दोन कारकून एकाच वेळी लेखणी चालवू लागले तर कोणाचा शेरा खरा, हा तंटा उपस्थित होईल. तो टाळण्यासाठी ही व्यवस्था आहे, आणि माझ्या मते ती शहाणपणाची आहे.

यातूनच त्या भाषेतला सर्वांत मजेदार परिपाठ जन्मला, तो म्हणजे शून्य मुदतीचा हुकूम. समजा, बटण दाबताच पानावर 'कृपया थांबा' अशी पाटी लावायची आहे आणि लगेच लांबलचक हिशेबाला बसायचे आहे. दोन्ही आज्ञा एकाखाली एक लिहिल्या तर पाटी लिहिली जाते खरी, पण ती भिंतीवर टांगायला, म्हणजे पान रंगवायला, कारकुनाला फुरसत मिळते ती हिशेब संपल्यावर. आणि मग थांबून कंटाळलेल्या माणसाला 'कृपया थांबा' दाखवण्यात काय हशील! म्हणून जाणते लोक तो हिशेब सेटटाइमआउटच्या हवाली करून मुदतीच्या जागी ० लिहितात. मुदत शून्य असूनही काम तत्काळ होत नाही. ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहते, आणि मधल्या सवडीत बहुधा पाटी टांगली जाते. उणे १००० लिहिले तरी ब्राउझर ते शून्यच धरतो. काल बजावायला हवे होते अशा कामांची सोय त्याच्याकडे नाही, आमच्याकडे मात्र ती होती.

"मामा, तू एक, दोन, तीन असं छाप, आणि 'दोन'ला शून्याची मुदत दे," असे माझी भाची म्हणाली. ती या धंद्यात नोकरीला आहे आणि मला फुकट शिकवते. पडद्यावर उमटले: एक, तीन, दोन. मी प्रसन्न झालो. तेव्हा तिने 'दोन'च्या पुढे प्रॉमिस नावाच्या नव्या व्यवस्थेतून 'चार' छापायला सांगितले, आणि उत्तर आले: एक, तीन, चार, दोन.

"हा 'चार' मागून येऊन पुढे कसा गेला?"

"त्याची रांग वेगळी असते, मामा. हातातलं काम संपलं की आधी ती रांग पूर्ण रिकामी करतात, मग तुझी घड्याळवाली."

अस्से! म्हणजे २०१५ च्या आवृत्तीपासून इथेही वशिल्याची खिडकी उघडली म्हणायची. त्या खिडकीतला एक इसम दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला आत घेत राहिला, तर मुदतीचे हुकूम बापडे कायमचे उपाशी राहतात, हेही भाचीने सांगितले. मला ते समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मुदतींच्या आकड्यांतही खाचाखोचा आहेत. हुकुमातून हुकूम अशी साखळी पाच पायऱ्यांपलीकडे गेली की कितीही लहान आकडा लिहा, ४ मिलिसेकंदांच्या आत दाद लागत नाही. आणि झाकून ठेवलेल्या टॅबमधल्या अशा साखळीकडे क्रोम २०२१ पासून, काही अटींवर, मिनिटातून एकदाच लक्ष देतो. पण खरी बहार मोठ्या मुदतींत आहे. मुदतीचा रकाना जेवढा रुंद, त्यात २१४७४८३६४७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. म्हणजे २४ दिवस, २० तास, ३१ मिनिटे आणि वर सुमारे २४ सेकंद. याहून मोठी मुदत मागितली तर अर्ज नामंजूर होईल असे कोणालाही वाटावे. तसे होत नाही. मावेल तेवढा आकडा ठेवून उरलेला कापला जातो, आणि त्यामुळे तीस दिवसांची मुदत मागितली की ब्राउझर ते काम लागलीच उरकून मोकळा होतो, तर पन्नास दिवसांची मागितली की सुमारे सात तासांत बजावतो. चिठ्ठी न देता, कारण न दाखवता.

तेव्हा ज्यांना महिन्याभराने कोणाला स्मरणपत्र धाडायचे असेल, त्यांनी तारीख सर्व्हरवर लिहून ठेवावी आणि ते काम तिथल्या क्रॉनकडे, म्हणजे ठरल्या वेळी कामे बजावणाऱ्या व्यवस्थेकडे, सोपवावे. ब्राउझरचा टॅब बंद झाला की त्यातले सर्व मुदतीचे हुकूम, क्रमांकांसकट, दप्तरी दाखल न होताच नष्ट होतात. त्यांच्याविरुद्ध अपील नाही.